माणसाच्या गोष्टीत बाई कुठे आहे?

मागच्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खालापूर तालुक्यातल्या एका गावात 'माणूस आला कुठून?' या विषयावर जाहीर व्याख्यान होते. व्याख्याते शहरातून आलेले, अभ्यासू आणि तळमळीने बोलणारे. शाळेच्या वर्गात पडदा लावलेला. वेळ संध्याकाळी साडेसहाची. पुढे सरपंच, शिक्षक, तरुण मंडळातली मुले. मागे दाराशी आम्ही सहा-सात जणी. त्यातल्या चौघी जवळच्या कातकरी वाडीवरच्या. वाडीतली बरीचशी माणसे त्या दिवसांत वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. या चौघी मागे राहिलेल्या, आणि मी फार आग्रह केला म्हणून चुली लवकर उरकून आलेल्या.

पडद्यावर आपण सगळ्यांनी पाहिलेले ते चित्र आले. डावीकडे वाकलेले माकड, मग जरा कमी वाकलेले, मग केसाळ माणूस, आणि उजव्या टोकाला ताठ चालणारा, भाला घेतलेला पुरुष. "आपण सारे माकडाची लेकरे!" असे म्हणून व्याख्याते हसले. सभाही हसली. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने मागे वळून आमच्या कोपऱ्याकडे पाहिले आणि शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितले. ते दोघे पुन्हा हसले. पाचव्या मिनिटाला आमच्या चौघी उठून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले तेव्हा त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "ताई, गावात आमाला वांदरं म्हनत्यात, ते काय कमी होतं? आता पडद्यावर बी दावलं."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी एम.एस.डब्ल्यू. झाले, आणि गेली नऊ वर्षे कर्जत-खालापूर भागात काम करते आहे. रेशनकार्ड, जातीचे दाखले, भट्टीमालकाने दिलेल्या उचलीचे हिशेब, दारू, मारहाण, पोटगी हे आमचे रोजचे विषय. उत्क्रांती हा विज्ञान चळवळीतल्या मंडळींचा विषय, आपला नव्हे, असेच मी धरून चालले होते. त्या संध्याकाळनंतर माझे मत बदलले. माणूस कुठून आला हा बायांचा प्रश्न आहे. आपल्या गटांनी तो दुसऱ्यांवर सोपवून मोकळे होऊ नये. तसे का वाटते, ते या लेखात मांडते आहे.

आधी त्या माकडाविषयी

म्हातारीचा राग समजून घ्यायचा तर एक गोष्ट माहीत असायला हवी. आपला वंश रामाच्या सेनेतल्या वानरांपासून सुरू झाला अशी कथा कातकरी समाजात सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी गॅझेटियरांतही ती नोंदलेली आहे. सांगणाऱ्याच्या तोंडी ती अभिमानाची गोष्ट असते: आम्ही देवाच्या कामाला धावून गेलेले. गावातला माणूस 'वांदर' म्हणतो तेव्हा मात्र त्याला सेना आणि राम आठवत नाहीत. हे माणसात मोडत नाहीत, एवढेच त्याला सुचवायचे असते. ज्या समाजाला ही शिवी रोज ऐकावी लागते, त्याच्यासमोर 'आपण सारे माकडाची लेकरे' हे वाक्य हसत टाकले, तर त्यातले 'सारे' कुणालाच ऐकू येत नाही.

आणि खरे पाहता विज्ञान तसे म्हणतही नाही. आज माथेरानच्या वाटेवर पिशव्या ओढणारी माकडे किंवा आंब्यावर येणारी काळ्या तोंडाची वानरे आपले पूर्वज नाहीत. मागे जात राहिलो तर त्यांची आणि आपली वाट एका जुन्या पूर्वजापाशी मिळते, एवढेच. आपल्या सर्वांत जवळचा नातलग म्हणजे आफ्रिकेतला चिंपांझी. त्याची आणि आपली फारकत साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी झाली. तिथून पुढे तो त्याच्या वाटेने बदलत गेला, आपण आपल्या. झाडाला फांद्या फुटाव्यात तसे हे झाले. एकामागे एक चालणाऱ्यांची ती रांग १९६५ साली एका अमेरिकन पुस्तकासाठी काढली गेली आणि जगभर पसरली. तिच्यातून दोन चुका आपल्या डोक्यात बसल्या. पहिली, की उत्क्रांती म्हणजे खालून वर जाणारी शिडी, आणि कुणी अजून खालच्या पायरीवर आहे. दुसरी, की त्या प्रवासात फक्त पुरुष चालत होता.

पहिल्या चुकीचा मार आदिवासींना बसतो, दुसरीचा बायांना. आमच्या त्या चौघींना दोन्ही बसले.

हा आपला प्रश्न कसा?

काही मैत्रिणी म्हणतील, लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांशी आमच्या मारहाणीच्या केसचा काय संबंध? मी उलटे विचारते. तुमच्या केसमध्ये समोरचा माणूस शेवटी कोणता मुद्दा काढतो? "बाईची जातच तशी." "देवानेच तिला तशी केली." "निसर्गाचा नियम आहे." समेटाच्या बैठकीत, पोलीस ठाण्याच्या बाकावर, सासरच्या ओटीवर आपण ही वाक्ये ऐकतो. ही सगळी उत्पत्तीबद्दलचीच विधाने आहेत. आपण कशा बनलो याची एक गोष्ट त्यांच्या पोटात दडलेली असते, आणि ती गोष्ट कुणी दुसऱ्यानेच सांगितलेली असते.

महाराष्ट्रात हे सर्वात आधी आणि सर्वात धारदारपणे ओळखले ते जोतीराव फुल्यांनी. १८७३ च्या 'गुलामगिरी'त ब्रह्मदेवाच्या तोंडातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून चार वर्ण जन्मले या गोष्टीची चर्चा आहे. तिथे फुले विचारतात, की जिथून मूल जन्मले तिथे गर्भाशय असले पाहिजे. मग ब्रह्मदेवाला त्या त्या ठिकाणी विटाळ येत होता काय, आणि त्या दिवसांत तो बाजूला कुठे बसत होता? विनोद झोंबणारा आहे, पण त्याच्या मुळाशी साधी गोष्ट आहे: त्या उत्पत्तिकथेत आईच नव्हती. बाईच्या अंगाला विटाळ लावायचा आणि जन्म देण्याचे काम तेवढे पुरुषाच्या तोंडाकडे द्यायचे, ही चलाखी फुल्यांनी दीडशे वर्षांपूर्वी उघडी पाडली.

दुसरा धागा कुळाचा. मुलीने जातीबाहेर लग्न केले की 'रक्त' आणि 'कुळ' हे शब्द लगेच बाहेर येतात. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात तरुण आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या सक्तीमुळे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही ती सक्ती राखण्याची साधने, असे त्यांनी त्यात मांडले. म्हणजे जातीचे कुंपण बाईच्या अंगावरून घातलेले आहे. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून देशातल्या अनेक समाजांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथल्या लोकसमूहांची एकमेकांत मोठी सरमिसळ झाली, आणि नंतर ती थांबून जातीतल्या जातीत लग्ने सुरू झाली, असे त्यातून दिसले. शुद्ध कुळ असे काही नाहीच. मुलीच्या मागे काठ्या घेऊन धावणाऱ्यांचे पणजोबा-खापरपणजोबाही मिश्रच होते.

तिसरा धागा सरकारी कागदाचा. जातीच्या दाखल्यासाठी आम्ही तहसील कचेरीत जातो तेव्हा १९५० पूर्वीचा, वडिलांकडच्या नात्यातला पुरावा विचारला जातो. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, आणि माणसे वर्षातले सहा महिने भट्टीवर. अशा घरात आजोबाच्या नावाचा कागद कुठून यायचा? 'तुमचे मूळ दाखवा' हा प्रश्न या बायांना तात्त्विक नाही. मुलाचा दाखला त्यावर अडतो.

शाळेत हे सगळे शिकवतातच की, असे कुणी म्हणेल. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कधी पाहिल्याचे सांगितलेले नाही, असे विधान केले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना त्याविरुद्ध निवेदन काढावे लागले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध खुल्या पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र आनुवंशिकता आणि उत्क्रांती हा पहिलाच धडा आहे. चांगली गोष्ट. पण मी ज्या वाड्यांवर जाते तिथल्या किती मुली दहावीपर्यंत पोचतात? पाचवी-सहावीनंतर धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून त्या आईबरोबर भट्टीवर जातात. दहावीतला धडा त्यांच्यासाठी असूनही नाही. त्यांच्यापर्यंत हे ज्ञान पोचायचे तर ते गावातल्या जाहीर बोलण्यातूनच. म्हणून ते बोलणे कसे होते, कोणत्या वेळी होते आणि कुणाच्या समोर होते, याला एवढे महत्त्व आहे.

विज्ञानवाल्यांकडूनही चुका झाल्या आहेत

इथे एक सावधगिरी हवी. पोथीतली गोष्ट टाकून विज्ञानाची गोष्ट घेतली की बाईला आपोआप न्याय मिळाला, असे नाही. १८७१ च्या मानवाच्या वंशासंबंधीच्या ग्रंथात खुद्द डार्विनने पुरुष बुद्धीने बाईपेक्षा वरचढ झाला असे लिहून ठेवले. त्याला चार वर्षांत उत्तर दिले ते अमेरिकेतल्या अँटोनेट ब्राउन ब्लॅकवेल या बाईने. ती चर्चमध्ये धर्मोपदेशक म्हणून रीतसर नेमली गेलेली होती. १८७५ च्या आपल्या पुस्तकात तिने उत्क्रांती मान्य केली आणि डार्विनचा बाईबद्दलचा निष्कर्ष नाकारला. पुरुष संशोधकांनी बाईच्या बाजूने कधी पाहिलेच नाही, असे तिचे म्हणणे होते.

पुढे १९६६ साली शिकागोला 'शिकारी पुरुष' या नावाने मोठी परिषद भरली. शिकारीमुळे माणूस माणूस झाला, हत्यार, भाषा, सहकार्य सगळे शिकारीतून आले, अशी मांडणी त्या काळात जोरात होती. गंमत म्हणजे त्याच परिषदेत रिचर्ड ली यांनी आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या लोकांचे आकडे मांडले. त्यांच्या अन्नापैकी वजनाने साठ ते ऐंशी टक्के वाटा कंदमुळे, फळे, बिया यांचा होता, आणि ते बहुतेक बाया गोळा करून आणत. थोड्याच वर्षांत सॅली स्लोकम या अभ्यासक बाईने विचारले, की पुरुष शिकारीला गेला तेव्हा उरलेली निम्मी माणसे काय करत होती? तिच्या मते माणसाच्या अगदी पहिल्या वस्तूंमध्ये गोळा केलेले अन्न ठेवायची पाटी-पिशवी आणि मूल अंगाशी बांधून न्यायची झोळी असली पाहिजे. पण झोळी कुजते आणि दगडी हत्यार उरते. म्हणून वस्तुसंग्रहालयात हत्यारे दिसतात, झोळी दिसत नाही. हे वाचले तेव्हा मला भट्टीवर झाडाला टांगलेल्या झोळ्या आठवल्या. त्यांचीही कुठे नोंद नसते, हजेरीबुकात तर नाहीच.

आपल्या घरचे उदाहरण इरावती कर्व्यांचे. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या, महर्षी कर्व्यांच्या सून. त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. पुढे नाझी राजवटीच्या वंशविचाराला त्यांचा मोठा आधार झाला. गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन बाजूंनी असमान असते आणि ते त्यांच्या वरचढ बुद्धीचे लक्षण, अशी त्यांची कल्पना होती. ती तपासण्याचे काम इरावतींकडे आले. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा काही वांशिक फरक दिसत नाही असे आपल्या प्रबंधात लिहिले. परक्या देशातली, विशीतली एक मराठी मुलगी, आणि परीक्षक तोच मार्गदर्शक. मोजले तसे लिहिले, एवढेच तिने केले. त्या एवढ्याला केवढे बळ लागले असेल याचा विचार करा. इरावतीबाई पुढे डेक्कन कॉलेजात आल्या आणि त्यांनी या देशातल्या नात्यांचा, कुटुंबांचा, माणसांच्या वंशाचा अभ्यास उभा केला. आपल्या व्याख्यानांतून डार्विनचे नाव येते, इरावतींचे क्वचितच.

वाडीवरचे बोलणे

त्या फसलेल्या संध्याकाळनंतर मी जमेल तेवढे वाचले, दोन जाणकार मैत्रिणींकडून तपासून घेतले, आणि मे महिन्याच्या शेवटी, माणसे भट्टीवरून परतल्यावर, त्याच वाडीवर बसले. वेळ जेवणानंतर रात्री नऊची. पडदा नाही. मी एक लांब दोरी नेली होती. तिला सारख्या अंतरावर सत्तर गाठी मारल्या होत्या. एक गाठ म्हणजे एक लाख वर्षे. बायांनी ती हातोहात धरली आणि अंगणभर गोल झाला.

एका टोकाला चिंपांझीची आणि आपली फारकत. आजच्या टोकाकडून बत्तिसाव्या गाठीपाशी इथिओपियात १९७४ साली सापडलेली 'ल्यूसी', बत्तीस लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालणारी. नाव बाईचे, कारण हाडे बाईची असावीत असे संशोधकांना वाटले. आपल्यासारखी माणसे यायला शेवटच्या तीन गाठी. आणि शेती? ती शेवटच्या गाठीनंतरच्या वीतभर दोरीतल्या जेमतेम दोन बोटांत. त्याआधीचा सगळा काळ रानातून आणून खाण्याचा. हे सांगितल्यावर बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण ते काम त्यांना नवीन नव्हते. पहिल्या पावसात शेवळे आणायची, ती खाजतात म्हणून काकडाची फळे घालून शिजवायची. कडू कंद चिरून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवायचे. टाकळा कधी खुडायचा, कोणता कंद ठेवून द्यायचा. हे ज्ञान आहे, आणि आईकडून मुलीकडे आलेले आहे, हे त्यांना कुणी याआधी म्हटले नव्हते. नेरळ-कर्जतच्या बाजारात शेवळांच्या जुड्या विकताना गिऱ्हाईक भाव पाडून मागते, तेवढीच त्या ज्ञानाची किंमत त्यांना माहीत.

मग मी आजीची गोष्ट सांगितली. टांझानियातल्या हाड्झा लोकांत क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले, की पाळी गेलेल्या म्हाताऱ्या बाया दिवसभर कंद खणतात आणि नातवंडांना जगवतात. मूल होण्याचे वय सरल्यावरही बाई एवढी वर्षे जगते याचे कारण हेच असावे, असे त्यांचे मत. सगळे शास्त्रज्ञ अजून त्यावर एक नाहीत, हेही मी सांगितले. पण म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी विसरणार नाही. बाळंतपणाचा विषय निघाला तेव्हा वाडीतली जुनी सुईण पुढे सरकून बसली. माणसाच्या बाळाचे डोके मोठे, आईची वाट अरुंद आणि वळणाची, आणि बहुतेक बाळे तोंड आईच्या पाठीकडे करून बाहेर येतात. म्हणून बाईला बाळंतपणात दुसऱ्या बाईचा हात लागत आला, असे काही अभ्यासक म्हणतात. "ते मला नको सांगू," सुईण म्हणाली, "माझ्या हातांना म्हाईत हाय." सगळ्या हसल्या.

आईचा धागाही सांगितला. आपल्या पेशींतल्या, शाळेच्या पुस्तकात ज्यांना तंतुकणिका म्हणतात त्यांच्यातला डीएनए फक्त आईकडून येतो. १९८७ मध्ये रिबेका कॅन आणि सहकाऱ्यांनी तो तपासून दाखवले, की आज जगातल्या प्रत्येक माणसाच्या आईची आई, तिची आई असे मागे गेले तर धागा आफ्रिकेतल्या एका बाईपाशी पोचतो. ती काही तेव्हाची एकटीच बाई नव्हती. तिच्या काळी दुसऱ्याही होत्या, पण हा धागा तिचा. एक मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदावर आपल्या राज्यात आईचे नाव लावणे सक्तीचे झाले. देहाने ते कधीच लावून ठेवले आहे.

मग त्या म्हातारीने विचारले, "म्हंजे वांदर आपली आजी नाय?"

"नाही. लांबची मावसबहीण म्हणा."

"आनि सरपंचाची?"

"त्यांचीही तीच."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे त्या दिशी मोठ्यानं सांगाया पायजे होतं."

तिचे म्हणणे बरोबर होते. नंतर तिने रामाच्या वानरांची गोष्टही सांगितली, आणि आम्ही ती ऐकली. ती खोटी पाडायला मी तिथे गेले नव्हते. ही आजीकडून आलेली गोष्ट, आणि ते हाडांवरून, डीएनएवरून काढलेले अनुमान, एवढा फरक मी सांगितला. उत्क्रांतीच्या बाबतीत मला कोणते पटते तेही लपवले नाही. एका सुनेने विचारले, की मग पाळीत बाजूला बसायचे कुणी ठरवले? चिंपांझीच्या मादीलाही पाळी येते, तिला कुणी बाजूला बसवत नाही, एवढेच मी म्हटले. पुढचे त्या आपसात बोलल्या. त्या वाडीत दुसऱ्या दिवसापासून काही बदलले असा दावा मी करणार नाही.

एक इशारा, आणि काही सूचना

या विषयात एक खड्डा आहे, आपणही त्यात पडू शकतो. 'पूर्वी बाई अशी होती, म्हणून आज तिला हक्क द्या' असे म्हणण्याचा मोह होतो. पेरूमध्ये सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात शिकारीच्या हत्यारांसह पुरलेल्या तरुण बाईचे अवशेष सापडले, ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याला आनंद होतो. जरूर व्हावा. पण उद्या उलटा पुरावा निघाला तर आपण हक्क सोडणार आहोत का? सारा हर्डी या संशोधक बाईने १९७० च्या दशकात अबूच्या डोंगरावर वानरांचा अभ्यास केला. टोळी ताब्यात घेणारा नवा नर आधीची पिल्ले मारतो, असे तिने दाखवले. ते निसर्गात घडते. म्हणून कुणी ते न्याय्य म्हणणार नाही. निसर्गात आहे म्हणून योग्य, हा न्याय आपण समोरच्याला लावू देत नाही. तो आपणही लावायचा नाही. बरोबरीचा हक्क आपण माणसे आहोत म्हणून आहे, राज्यघटनेने मान्य केला म्हणून आहे. उत्क्रांती त्या हक्काचा पुरावा देत नाही. त्याच्या आड उभी केलेली खोटी कारणे तेवढी ती बाजूला करते. तेवढेही पुष्कळ आहे.

'आधी पोटाचे बघा' असे म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी एवढेच सांगेन, की पोटाच्या लढाईत उभी राहणारी बाई आपल्याला कुणापेक्षा खालची समजत असेल, तर मालकासमोर तिचा आवाज निघत नाही. ही दोन कामे वेगळी नाहीत.

आपल्या गटांसाठी काही सूचना. आपल्या भागात विज्ञान चळवळीची मंडळी असे व्याख्यान ठेवत असतील तर आधी जाऊन भेटा. वेळ बायांना सोयीची मागा, आणि मुले सांभाळायला कुणीतरी ठेवा. माकडापासून पुरुषापर्यंतची ती रांग दाखवू नका. झाड दाखवा, दोरी वापरा. जिथे 'वांदर' ही शिवी आहे तिथे तो विषय विनोदाने काढू नका, आणि टाळूही नका. नीट उलगडून सांगा, आणि गावातल्या सगळ्यांसमोर सांगा. व्याख्यान द्यायला बाई मिळाली तर उत्तम. आपल्यातल्याच चार-पाच जणी तयार झाल्या तर त्याहून उत्तम. १५ डिसेंबर हा इरावतीबाईंचा जन्मदिवस. त्या सुमाराला वाड्या ओस आणि भट्ट्या भरलेल्या असतात, तेव्हा भट्टीवरच जाऊ. दोरी न्यायला जागा लागत नाही.

त्या दिवशीच्या व्याख्यात्यांना मी पत्र लिहिले होते. त्यांचे मोकळ्या मनाचे उत्तर आले. चित्र बदलतो म्हणाले, आणि पुढच्या वेळी वाडीवर रात्री नऊला यायची तयारी दाखवली. त्या चौघी येतील की नाही, हे मी त्यांच्या वतीने कबूल केलेले नाही. म्हातारीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "येऊ. पन आमी म्होरं बसनार."

तुमच्या भागात अशी व्याख्याने झाली असतील, तिथे बायांनी काय विचारले, कुठे अडले, कुठे जमले, ते जरूर लिहून पाठवा.